खोळीतली गाडी

सर गाडी बघायचे ते मान डाव्या खांद्यावर टाकून आणि डोळे बारीक करून. गाडी वळणाआड गेली की ते डोळे मिटून घ्यायचे. आम्ही बाकीचे मोबाइलवर घेतलेले फोटो बोटांनी मोठे करकरून, दिवे कुठले नि चाकं कुठली यावर एकमेकांचे गळे धरत असू, आणि हा माणूस शेजारी डोळे मिटून बसलेला. मग सावकाश डोळे उघडायचे आणि हॉटेलवाल्याला म्हणायचे, "पुठ्ठा दे रे."

वाईहून पाचगणीला चढताना पसरणी घाटात एका वळणावर ते हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, चार बाकडी आणि भजी. पुठ्ठा म्हणजे स्ट्रॉबेरीच्या खोक्याचा. त्या पुठ्ठ्याच्या कोऱ्या बाजूवर सर पेन्सिलने आत्ता गेलेली गाडी काढायचे. त्यात विशेष ते काय, असं तुम्ही म्हणाल. विशेष हे, की ती गाडी झाकलेली असायची. कंपन्या नवीन गाडी बाजारात आणायच्या आधी असल्या घाटांत चढवून बघतात, आणि कोणाला आकार कळू नये म्हणून तिच्या अंगभर काळ्यापांढऱ्या नागमोडी नक्षीचं कापड नाहीतर कागद चिकटवतात. आम्ही त्याला इंग्रजी नावाने ओळखायचो. सरांनी पहिल्याच रविवारी त्याचं नाव बदलून 'खोळ' करून टाकलं. "खोळ घातली म्हणून गादीची उशी होते का?" असं म्हणत ते खोळीच्या आतली गाडी काढायचे.

पाचगणीच्या एका निवासी शाळेत त्यांनी जन्मभर चित्रकला शिकवली. निवृत्त होऊन वाईला घर केलं. स्वतःकडे गाडी नाही, सायकलही नाही. वाईहून एसटीने वर यायचे, कंडक्टर त्यांना वळणावर उतरवायचा. माझं साताऱ्याला टायरचं दुकान आहे, त्यामुळे गाड्यांचा नाद म्हटलं तर धंद्यातला. पण सरांना हा नाद कुठून लागला हे आम्हाला बरेच दिवस कळलं नव्हतं.

रविवारी सकाळी जमणारे आम्ही ठरलेले. एक मी. दुसरा सांगलीजवळच्या कुपवाडचा अजित, ज्याच्या कारखान्यात गाड्यांच्या बिजागऱ्या, पट्ट्या असलं सामान बनतं. नुसत्या चहासाठी हा बाबा पहाटे कुपवाडहून निघायचा, कारण त्याला गाडी चालवायला निमित्त लागायचं. तिसरे सुभेदार. फौजेत गाड्या चालवून, सांभाळून आलेले, आता भुईंजकडे ऊस. डिझेल सोडून दुसऱ्या कशाला ते इंजिन मानत नसत. पण पेट्रोलमध्ये उसाचं इथेनॉल मिसळायला लागल्यापासून त्यांची पंचाईत झाली होती. "माझ्याच उसावर तुमच्या गाड्या चालत्यात गड्यांनो, आन् मला आवडत न्हाईत," असं म्हणून तेच खो खो हसायचे.

आमची भांडणं काय विचारता! तीन सिलिंडरचं इंजिन थरथरतं का नाही. सांगलीच्या उन्हाळ्यात डोक्यावर काचेचं छप्पर घेणारा माणूस शहाणा का खुळा. बटणं काढून सगळं पडद्यावर नेलं, ते गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी की कंपनीचा खर्च वाचावा म्हणून. एकाच सांगाड्यावर चार वेगळी अंगं चढवून चार नावांनी विकायची, ही हुशारी की फसवणूक. यावर आम्ही तासन्‌तास बोलत असू, जणू कंपनीच्या मोठ्या साहेबांनी आम्हाला सल्ल्यालाच बोलावलंय. सर यात कधी पडायचे नाहीत. सगळ्यांचं बोलून झालं की ते एकच विचारायचे, "सीट किती उंच आहे?"

पुढे गाडी बाजारात आली, की हॉटेलवाला भिंतीवर खिळ्याला लावलेला तिचा पुठ्ठा काढून आणायचा आणि आम्ही मोबाइलवरच्या फोटोशेजारी धरून बघायचो. बहुतेक वेळा सर बरोबर निघायचे. चुकले तर शांतपणे म्हणायचे, "माझं चित्र बरोबर आहे. कंपनीचा हात हलला."

आमच्याकडे नवीन गाडी घेतली की चाकाखाली लिंबू, बॉनेटवर हार, पेढे आणि मग देव. आमच्यातल्या कोणी गाडी घेतली की देवानंतर ती सरांकडे न्यायची, असा पायंडाच पडला. सर इंजिन उघडायला सांगत नसत. दार उघडायचे, पाठमोरे होऊन आधी बूड टेकायचे, मग एकेक पाय आत घ्यायचे. तसेच उलटे बाहेर. उतरताना हात कशाला धरावा लागतो, गुडघा कुठवर वाकतो, डोकं चौकटीला लागतं का, हे सगळं मनाशी मोजायचे आणि मुलांच्या चित्राला द्यावा तसा शेरा द्यायचे. "बरी" हा वरचा शेरा. अजितने हौसेने घेतलेल्या, मागे उतरत्या छपराच्या गाडीत ते बसले, कण्हत उठले आणि म्हणाले, "पुन्हा काढून आण." अजित पुढचे दोन रविवार आला नाही.

हे सगळं काकूंसाठी होतं, हे मला त्यांच्या घरी गेल्यावर कळलं. सरांच्या पत्नीचे दोन्ही गुडघे गेलेले, आणि हृदय कमजोर म्हणून डॉक्टर ऑपरेशनला हात लावेनात. काठी घेऊन घरात फिरायच्या, पण गाडीत बसणं म्हणजे शिक्षा. एका लग्नात त्यांना गाडीतून उतरवताना दोघांनी काखेत हात घालून सगळ्या मांडवासमोर ओढून काढलं होतं. त्या दिवशी काकूंनी सांगितलं, की पुन्हा मी गाडीत बसणार नाही, मला पोतं व्हायचं नाही. आणि त्यांचं माहेर तासगावचं. तिथे थोरली बहीण, माई. रोज दुपारी दोघींचा फोन चालायचा. द्राक्षबागेला काय फवारलं, बेदाणा वाळायला शेडवर चढला का, माझा उजवा गुडघा, तुझा डावा. काकूंना एकदा तासगावला जाऊन माईंजवळ बसायचं होतं. स्वतःच्या पायांनी, कोणी न ओढता. सर त्यासाठी गाडी शोधत होते.

मग एका रविवारी ती आली. खोळीतली, विजेवर चालणारी, उंच आणि चौकोनी. घाटात तापली असावी, म्हणून वळणावर थांबली आणि चालवणारा चांगला आडव्या अंगाचा माणूस चहा प्यायला उतरला. सर बाकड्यावरून अर्धवट उठले. पुठ्ठा मागायचंही त्यांना सुचलं नाही. गाडी गेल्यावर म्हणाले, "बघितलंस? उतरताना तो सीटवरून उठला नाही रे. नुसता उभा राहिला."

त्या दिवशीचं चित्र भिंतीवर गेलं नाही, वाईला घरी गेलं. पुढे अजितने बातमी आणली, की तिच्याच दाराच्या बिजागऱ्यांचं काम त्याच्याकडे आलंय आणि दार पार काटकोनात उघडतं. सर इतके खूश झाले की त्या दिवशीची भजी त्यांच्याकडून. गाडी पाडव्याला येणार, असं ऐकलं. पाडवा गेला. मग दसरा, मग दिवाळी. मोठ्या कंपन्या आमच्याकडच्या सणांवर तारखा देतात आणि आमच्याकडच्या पाहुण्यांसारख्या त्या मोडतात. आम्ही म्हणायचो, सर, दुसरी एखादी उंच गाडी बघू. त्यांचं ठरलेलं असायचं. एकीची चौकट आड येते, एकीचा उंबरा उंच. "आता थोडक्यासाठी कशाला? हीच येऊ दे."

मधल्या थंडीत माईंना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, दुपारचा फोन बंद झाला. त्या रविवारी सुभेदार पहिल्यांदा सरांवर चिडले. "आवं सर, माडेल काय, फुडंबी येतील. मान्सं न्हाई येत," ते म्हणाले. सरांनी मान हलवली. पण वाट बघायची सवय वाईट असते, ती सुटत नाही. त्यांना वाटत होतं आता फार दिवस राहिले नाहीत, येईलच.

आणि एका सकाळी अजित आला तो चहा न मागताच बसला. बिजागऱ्यांचं काम थांबवायचा निरोप आला होता. कंपनीने ती गाडी काढायचीच नाही असं ठरवलं होतं. तरुण गिऱ्हाइकाला उंच चौकोनी गाडी म्हाताऱ्यांची वाटते म्हणे, म्हणून त्याच सांगाड्यावर उतरत्या छपराची दुसरी काढणार. असल्या निर्णयावर एरवी आम्ही पुढचे चार रविवार भांडलो असतो. सरांनी एवढंच विचारलं, "दार तरी तेच ठेवलंय का?" अजितने नाही म्हटलं आणि खाली बघितलं.

सरांना वाईला मीच सोडलं. काकू स्वयंपाकघराच्या दारात खुर्चीवर बसल्या होत्या. सरांनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, गाडी येणार नाही. काकू रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अहो, मी गाडी कवा मागितली? मी तासगाव मागितलं होतं."

सर माझ्याकडे वळले नाहीत. भिंतीजवळचा त्या गाडीच्या चित्राचा पुठ्ठा त्यांनी उचलला, उलटा केला आणि त्याच्यामागे नुसती एक सीट काढली. खाली लोखंडी चौकट, पुढे एक रुंद पायरी, बाजूला धरायला दांडा. "अजितला फोन लाव," म्हणाले.

अजितकडे कारखान्याचा माल नेणारी एक जुनी व्हॅन होती. सरकत्या दाराची, तोंड चपटं, आमच्या चर्चेत तिचं नावसुद्धा कधी निघालं नव्हतं. त्याने तिची मधली सीट उपटली आणि सरांच्या चित्राबरहुकूम नवी चढवली. आठवडाही लागला नाही. वाईला दारात व्हॅन उभी केली तेव्हा सरांनी आम्हा सगळ्यांना दम दिला, कोणी हात लावायचा नाही. काकू काठी टेकत आल्या, पायरीवर चढल्या, दांडा धरून बसल्या. गल्लीतल्या बायका बघत होत्या. काकूंनी पदर नीट केला आणि म्हणाल्या, चला.

तासगावला माई पुढच्या सोप्यात खाटेवर होत्या. काकू व्हॅनमधून उतरल्या त्या तशाच, आपल्या आपण. खाटेजवळ खुर्चीवर जाऊन बसल्या. माईंना ओळख पटली. बोलता येत नव्हतं, पण त्यांनी चालता हात पुढे केला आणि काकूंच्या उजव्या गुडघ्यावर ठेवला. दुखतो तोच. तो हात तिथून निघाला नाही. मी बाहेर आलो. सर व्हॅनला टेकून द्राक्षबागेकडे बघत उभे होते, आत गेलेच नव्हते. मला म्हणाले, "ह्या दोघींना अजून किती बोलायचं होतं रे. मी खोळी बघत बसलो."

त्यानंतर आम्ही काकूंना बऱ्याचदा तासगावला नेलं. पुढच्या छाटणीच्या आधी माई गेल्या. सर रविवारी घाटात येत राहिले, चहा घ्यायचे, आमची भांडणं ऐकायचे. पण खोळीतली गाडी गेली की मान वर करायचे नाहीत. एकदा मीच त्यांच्यापुढे पुठ्ठा सरकवला, तर त्यांनी त्यावर चहाचा ग्लास ठेवला. गेल्या थंडीत झोपेतच गेले.

दुकानात गिऱ्हाईक टायर बदलता बदलता विचारतं, पुढच्या वर्षी नवीन मॉडेल येतंय म्हणतात, थांबू का? पूर्वी मी खुर्ची देऊन तासभर समजावत असे. आता विचारतो, कुठं जायचंय? आधी तिथं जाऊन या. लोकांना वाटतं, याचं डोकं फिरलंय. मला सर फार आठवतात, खरं सांगायचं तर रविवारी सकाळी सोसवत नाही. घाटातल्या हॉटेलच्या भिंतीवर त्यांचे पुठ्ठे अजून आहेत. समोरून गाड्या जातात, आणि आत काय आहे हे आता आम्हाला कोणी सांगत नाही.

परवा काकूंचा फोन आला. म्हणाल्या, घाटात नवीन काय येतंय रे? इतकी वर्षं हे घरी येऊन सगळं सांगायचे, मी नुसती हूं हूं करायची. आता कोणी सांगत नाही. अजितने रविवारी व्हॅन आणली आणि आम्ही काकूंना वर नेलं. त्या उतरल्या नाहीत, सरकतं दार उघडं ठेवून आपल्या सीटवरच बसल्या. हॉटेलवाल्याने चहा तिथे नेऊन दिला. सुभेदारसुद्धा त्या दिवशी डिझेलचं काही बोलले नाहीत.

थोड्या वेळाने एक आलीच. नवीकोरी, खोळीतली, छप्पर मागे उतरत गेलेलं. आमचे मोबाइल खिशातच राहिले. काकूंनी मान डाव्या खांद्यावर टाकली, डोळे बारीक केले आणि ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिल्या. मग डोळे मिटले. ते उघडले तेव्हा भरलेले होते.

"सीट खाली आहे हिची," काकू म्हणाल्या. "पुन्हा काढून आणा म्हणावं."