चेंबर उघडल्याशिवाय नाही
आमच्या सोसायटीच्या चेअरमननी मला जिन्यात गाठून सांगितलं, की तुमची गाडी आता भंगारात द्या. सांगताना हसत होते.

"पार्किंगमध्ये तेलाचे डाग पडतात हो. आणि आता तुमचंही वय झालं. कॅब मिळतात की हल्ली."

"गाडीबद्दल बोला," मी म्हटलं. "वयाचं माझं मी बघते."

गाडी जुनी आहे, हे मला कुणी सांगायला नको. खडकीच्या एका कारखान्यात मी तपासणी खात्यात होते, तेव्हा स्वतःच्या पगारातून घेतलेली. पहिल्या दिवशी ती घेऊन गेटवर पोचले तर खात्यातल्या एकाने विचारलं, "साहेब चालवणार का?" साहेब म्हणजे माझा नवरा. त्याला सायकलीपलीकडे काही येत नव्हतं. तो शेवटपर्यंत ऐटीत माझ्या शेजारी बसून फिरला आणि त्याला त्यात कधी काही कमी वाटलं नाही.

अलीकडे गाडीची दोन दुखणी होती. तेल गळायचं, आणि इंजिन तापलं की सिग्नलला उभं असताना तेलाचा दाब घटल्याचं सांगणारा लाल दिवा मिणमिणायचा. जवळच्या गॅरेजवाल्याने गाडी चालू केली, बॉनेटशी कान नेला आणि निकाल दिला, "इंजिन बसलंय मॅडम. विकून टाका."

"चेंबर उघडून पाहिलंत?" मी विचारलं. चेंबर म्हणजे इंजिनच्या तळाशी बोल्टांनी आवळलेली पत्र्याची परात. सगळं तेल तिच्यात असतं.

"काय उघडायचं त्यात? आवाजावरून कळतं."

कारखान्यात मी नुसता आवाज ऐकून माल नापास केला असता, तर मलाच घरी पाठवलं असतं. गाडी घेऊन मी परत आले.

रात्री जेवताना मुलगा म्हणाला, "आई, सोड ना आता. किती इमोशनल होशील?"

"इमोशनचा काय संबंध? कारण कळल्याशिवाय मी नापास करत नाही."

माझी सून कॉम्प्युटर कंपनीत आहे, घरूनच काम करते. ती भात कालवता कालवता म्हणाली, "आई, आपणच उघडूया का? शनिवारी मी फ्री आहे."

मुलाने तिच्याकडे पाहिलं. "तुला येतं?"

"मला नाही. आईंना येईल."

मला येत होतं असंही नाही. गाडीखाली मी कधी झोपले नव्हते. पण आयुष्य नटबोल्ट आणि गेजमध्ये गेलं होतं, आणि त्या घटकेला 'नाही येत' म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

शनिवारी सकाळी गाडीचं तोंड जॅकने उचललं, खाली भक्कम घोड्या लावल्या आणि गाडी हलवून हलवून पाहिली. मग जुना सलवार-कुडता घालून मी आत सरकले. तेल घमेल्यात काढलं, फडक्यातून गाळलं, गाळात लोहचुंबक फिरवला. चुंबकाला काही लागलं नाही. आतली बेअरिंगं झिजली असती तर तेलात चकाकी उतरली असती, फडक्यावर कीस राहिला असता. त्यातलं काही नव्हतं.

सायलेन्सरचा पाइप आडवा येत होता. तो सोडवतोय तोवर शेजारी चकचकीत बूट येऊन थांबले. चेअरमन.

"पार्किंगमध्ये रिपेअरिंग चालत नाही. नियम आहे."

"कुठे लिहिलाय, काका?" सुनेने विचारलं.

"सगळंच लिहावं लागतं का? एक पद्धत असते."

मी खालूनच म्हटलं, "आपण जरा बाजूला उभे राहाल का? उजेड अडतोय."

ते गेले नाहीत, पण सरकले.

बोल्ट सगळे निघाले तरी चेंबर सुटेना. आधी कुणीतरी भरमसाट सिलिकॉन फासून ते चिकटवलं होतं. सून जाड स्क्रूड्रायव्हर घालायला निघाली, तेव्हा मी ओरडलेच. कड वाकली असती तर चेंबर जन्मभर गळत राहिलं असतं. रंगारी ज्या पातळ पट्टीने भिंतीला पुट्टी लावतात, ती घेतली आणि कडेकडेने हलक्या हाताने ठोकत गेलो. हात भरून आले. शेवटी ते सुटलं, आणि उरलंसुरलं काळं तेल माझ्या पांढऱ्या केसांवर.

"आई, थांबू या का?"

"बॅटरी इकडे मार."

पंप ज्या नळीने तेल ओढतो, तिच्या तोंडाशी एक जाळी असते. त्या जाळीवर लाल शेवया अडकल्या होत्या. मी नखाने एक ओढली, तर रबरासारखी ताणली गेली. सिलिकॉन! जास्तीचं लावलेलं आत दबलं होतं आणि त्याचे तुकडे तुटून जाळीवर जाऊन बसले होते. अर्धी जाळी बंद. नळीच्या जोडावरची रबरी रिंगही कडक होऊन चिरलेली, म्हणजे तिथून पंप हवा ओढणार. दिवा लागेल नाहीतर काय!

"म्हणजे इंजिनला काहीच झालं नव्हतं?" सून जवळजवळ किंचाळली.

"अजून पास केलेलं नाही."

नळी सोडवून मी बाहेर आले आणि ती जाळी चेअरमनच्या हातात ठेवली. "एवढ्यासाठी गाडी भंगारात चालली होती."

त्यांनी ती दोन बोटांत धरून उलटसुलट पाहिली. "पण डाग तर पडतातच ना," ते म्हणाले.

ते खरंच होतं, म्हणून मी डागाच्या मागे लागले; तेल चेंबरच्या जोडातूनच झिरपत होतं. सून स्कूटरवरून नाना पेठेत जाऊन नवी रिंग आणि सिलिकॉन घेऊन आली. दोन्ही कडा खरवडून लख्ख केल्या, तेलाचा अंशही ठेवला नाही. जाळी धुऊन उजेडाकडे धरली आणि प्रत्येक छिद्रातून आभाळ दिसल्यावरच ती बसवली. सिलिकॉनची बारीक अखंड रेघ सुनेने ओढली, तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर. बोल्ट मधल्यापासून कडेकडे, समोरासमोर, थोडे थोडे आवळत नेले. मग रात्रभर कुणी गाडीला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी नवं तेल भरून किल्ली फिरवली. लाल दिवा लागला आणि विझला. इंजिन चांगलं तापेपर्यंत चालू ठेवलं, तरी विझलेलाच. खाली अंथरलेला पुठ्ठा संध्याकाळी काढला तेव्हा कोरडा होता. तेव्हा मी म्हटलं, "पास." सुनेने मला काळ्या हातांनीच मिठी मारली.

मुलगा म्हणाला, "छान. आता चालू आहे तोवर विकून टाकू."

"नाही," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

आठवड्याभरात लिफ्टजवळ पाटी लागली, 'पार्किंगमध्ये वाहनदुरुस्तीस सक्त मनाई.' चेअरमन तिथेच उभे होते. मी वाचून त्यांना म्हटलं, "अक्षर सुंदर आहे. पुढच्या महिन्यात ब्रेकचं काम काढणार आहे, तेव्हा गाडी इथेच लावीन. वाचायला बरं पडेल."

रविवारी सकाळी सुनेला घेऊन खडकीकडे गेले. तिला फक्त ऑटोमॅटिक चालवता येते. मोकळ्या रस्त्यावर तिला चाक दिलं. पहिल्याच चौकात तिने क्लच सोडला आणि गाडी मधोमध बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले. ती घामाघूम झाली.

"आई, सगळे वाजवतायत."

"वाजवू देत," मी म्हटलं. "न्यूट्रल कर. आता किल्ली फिरव."