काळी चार

मी तापट माणूस. नाटक कंपनीत मला तोंडावर सगळे मास्तर म्हणत, पाठीमागे काय म्हणत ते लिहिण्यासारखं नाही. पदांना चाली लावायच्या, ती नटांकडून घोटून घ्यायची आणि खेळाला रंगमंचाच्या पुढ्यात बसून पायपेटी वाजवायची, हे माझं काम. तालमीत कोणी केसभर बेसूर झालं की मी पेटीचं झाकण धाडकन आपटायचो. त्या झाकणाच्या बिजागऱ्या तीनदा बदलल्या! वीस वर्षं हेच केलं आणि मजेत केलं. आता नागावच्या घरी सुपाऱ्या सोलत बसलो की त्या वीस वर्षांतली एक लबाडी हटकून आठवते. तिची लाज अजून वाटत नाही, काय करू?

आमच्या कंपनीची नायिका म्हणजे चाळिशीला टेकलेले एक बुवा. त्या काळी बायकांची कामं पुरुषच करत. बुवा काळी चारमध्ये गायचे, म्हणजे पेटीवरची ती काळी पट्टी हा त्यांचा षड्ज. पुरुषाच्या गळ्याला ही पट्टी उंच. पहिल्या रांगेतले दर्दी आधी माझं बोट कुठे पडतंय ते वाकून बघत आणि मग बुवांकडे बघून माना डोलवत. पट्टी उतरली म्हणजे नट संपला, असंच समजत लोक.

एका वर्षी पेणच्या खेळात वरच्या सुरावर बुवांचा गळा फाटला. मागे कोणीतरी हसलं. दुसऱ्या दिवशी मालकांनी मला बाजूला घेतलं. "मास्तर, अलिबागला पुन्हा असं झालं तर मी नवा नट बघणार. बुवांनी गावी जाऊन भजनं करावीत."

पण गावी बुवांचं होतं कोण? दहाव्या वर्षी ते कंपनीत आले, तेव्हापासून कंपनी हेच घर. मी त्यांना म्हटलं, "बुवा, अर्धाच सूर खाली घेऊ. पांढरी पाच. कोणाला पत्ता लागणार नाही."

बुवा लुगड्याच्या निऱ्या करत होते. हात थांबवून म्हणाले, "तुमचं बोट सगळ्यांना दिसतं, मास्तर. त्यापेक्षा मी हे लुगडंच ठेवून जातो."

असा राग आला म्हणता! पण आपटायला पेटी जवळ नव्हती.

पेणहून अलिबागला येताना धरमतरच्या खाडीत आमच्या होडीत पाणी शिरलं आणि पेटीचा तळ भिजला. मला आयतं निमित्त मिळालं. दुरुस्तीच्या नावाखाली पेटी बैलगाडीत घालून मी सरळ नागावला घरी आणली. पेटीच्या पोटात पितळेची बारीक पाती असतात, वाऱ्यानं ती थरथरली की सूर निघतो. पातं मुळाशी घासलं की सूर उतरतो आणि टोकाशी घासलं की चढतो. आठ दिवस मी ओटीवर बसून एकेक पातं मुळाशी घासत होतो. सगळीच्या सगळी पेटी अर्धा सूर खाली आणली. केसभर बेसूर झाल्यावर दुसऱ्यांच्या अंगावर जाणारा मी!

बायको म्हणाली, "अहो, चांगली वाजत होती की. तिला कशाला खाजवत बसलात?"

"तू तुझी चूल बघ," मी खेकसलो. घावन गरम होते, तेही गुमान खाल्ले नाहीत.

अलिबागच्या पहिल्या तालमीत आमच्या तबलजींनी तबला पेटीला जुळवायला घेतला. रेवदंड्याचे बुजुर्ग, सगळे त्यांना चाचा म्हणत. रोजच्या पट्टीवर तबला जुळेना. चाचांनी हातोडी थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"खाऱ्या हवेनं पेटी खाली बसली, न्हाय का मास्तर?"

"तुमचं तोंडही जरा बसवा, चाचा."

चाचा गालात हसले. "माझाबी तबला ढिलाच हाय," म्हणाले आणि तो उतरवायला लागले. पुन्हा त्यांनी तो विषय कधी काढला नाही.

रविवारच्या दुपारच्या खेळाला मी सगळ्यांना दिसेल असं बोट काळी चारवर ठेवलं. बुवांनी तोच वरचा सूर घेतला. तो लागला, आणि टिकला! तीन वेळा वन्स मोअर दिला लोकांनी. पुढच्या रांगेतले एक वकील मोठ्यानं म्हणाले, "या वयात काळी चार! वा!" मालकांनी स्वतःच्या हातानं बुवांना विडा दिला. मी मान खाली घालून घाम पुसत होतो, पण मनातून इतका खूश होतो की काय सांगू.

सबंध हंगाम असाच गेला. पावसाळ्यात कंपनीला सुट्टी असे, तेव्हा बुवा माझ्याकडे नागावला चार दिवस राहायला आले. पेटी दमटली म्हणून मी ती उघडून ठेवली होती आणि आत आंघोळीला गेलो होतो. परत येऊन बघतो तो बुवा तिच्यासमोर बसलेले. पाती काळवंडली होती, पण प्रत्येकाचं मूळ घासून लखलखीत झालेलं.

त्यांनी एका पात्यावरून बोट फिरवलं. मग विचारलं, "पुन्हा चढवता येतील?"

"येतील. टोकं घासावी लागतील."

"आणि दोन्हीकडून घासून पातळ झाली की?"

"एखादं तुटेल कधीतरी."

"चढवा," बुवा म्हणाले. "माझ्यापायी पेटी मोडायची नाही, मास्तर." त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले, म्हणून मी बायकोवर चहासाठी ओरडलो.

टोकं घासून मी पेटी पुन्हा होती तशी चढवली आणि नवा हंगाम सुरू झाला. पहिल्या तालमीला मालकांसकट सगळी कंपनी समोर बसली होती. मी सवयीनं काळी चारवर बोट नेलं. बुवा पुढे आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मास्तर, पांढरी पाच."

मालकांचा अडकित्ता सुपारीवर थांबला. चाचांनी मात्र तबल्यावर थाप मारली. तो त्यांनी आधीच पांढरी पाचला जुळवून ठेवला होता.

बुवा गायले. सूर तोच होता, वर्षभर अलिबागपासून सगळ्या गावांनी डोक्यावर घेतलेला. पद संपलं तेव्हा मालक मला म्हणाले, "नायिका हीच राहील."

माझं बोट फक्त एक पट्टी अलीकडे होतं, आणि वर्षभरानं मी पहिल्यांदा मान वर करून बुवांकडे बघत वाजवलं होतं.