रानशेतचे सपाट खुंट

ऑफिसच्या स्क्रीनवर रानशेतजवळचं कूप हिरवंगार दिसत होतं, म्हणून सुट्टी टाकून ते बघायला निघाले. कूप म्हणजे तोडीसाठी आखून दिलेला जंगलाचा तुकडा. आमच्या अ‍ॅपमध्ये तिथल्या तोडलेल्या प्रत्येक सागाच्या खुंटाचा फोटो असतो. हिरवा ठिपका म्हणजे तोड नियमाने झाली, झाड पुन्हा फुटणार. त्यातले निम्मे नियम मी लिहिलेले, आणि जंगलात मी पहिल्यांदाच जात होते.

डहाणू रोडला उतरलात की चहा-नाश्ता तिथेच उरका. एसटीची वाट बघून मी शेवटी शेअर रिक्षा धरली. सरावलीपर्यंत रस्ता बरा आहे, पुढे कंबर सांभाळा.

कुपाच्या तोंडाशी तोडीच्या टोळीचे मुकादम उभे होते. "बघा मॅडम, एकेक खुंट मशीनने सपाट कापलाय. तुमचं अ‍ॅप लई स्ट्रिक्ट!"

खरंच सपाट होते, प्रत्येकावर फोटोत ओळख पटावी म्हणून चिकटवलेली आमची कोडची पट्टी. पण पावसाळा होऊन गेला तरी एकालाही फुटवा नव्हता. एका खुंटावर बोट दाबलं तर लाकूड चहात बुडवलेल्या पावासारखं आत गेलं.

"वर पानी साचतं ना, बाय," मागून कोणीतरी म्हणालं. ते देवजीकाका, शेजारच्या पाड्यावरचे, जन्मभर कुऱ्हाड चालवलेले. "खुंट तिरपा तोडायचा. पानी घसरून गेलं का झाड जगतं."

त्यांनी स्वतः तोडलेली रांग दाखवली. तिरपे खुंट, आणि त्यांतून माझ्या डोक्याच्याही वर गेलेले फुटवे.

"काकांचे सगळे फोटो रिजेक्ट झाले," मुकादम म्हणाले. "तिरप्यावर पट्टी बसत नाही. टोळीतून काढावं लागलं त्यांना."

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीचा हुकूम माझा. पट्टी नीट बसावी म्हणून 'खुंट सपाटच हवा' हा नियम मीच घातला होता. आम्ही टेबलावर लाकडाची चकती ठेवून तपासलं होतं. टेबलावर पाऊस पडत नाही.

दुपारी काकांच्या ओसरीवर नागलीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खाल्ली. खाता खाता सांगून टाकलं, "काका, तो नियम माझा आहे."

त्यांनी माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली. "मग बदल ना. यंदाची तोड लागायच्या आत बदल. मला परत घेतील."

मी हो म्हटलं. निघताना पुरावा म्हणून त्यांच्या फुटलेल्या खुंटांचे फोटो अ‍ॅपमध्ये टाकले.

ऑफिसला परतल्यावर साहेबांना सगळं सांगितलं. "पॉइंट चांगला आहे, पुढच्या वर्षी बघू," म्हणाले. मी भांडले, उपयोग झाला नाही. लाज वाटली, तरी नोकरी सोडली नाही.

आठवड्याने मुकादमांचा फोन आला. आवाजात खुशी होती.

"मॅडम, काकांची जुनी नोंद बंद झाली होती, तुमच्या फोटोंनी परत उघडली. लाल ठिपके आले, 'सपाट करा' म्हणून. काकांचे सगळे खुंट फुटव्यांसकट कापून सपाट केले. आता कूप पूर्ण हिरवं आहे."

स्क्रीनवर पाहिलं. खरंच पूर्ण हिरवं होतं. काकांना फोन करायचा धीर मला अजून झालेला नाही.