आंबेमोहराच्या मापाचं गाव

गेणबा मापारी कुणाच्या शेतावर, घरावर किंवा बायकोवर जळला, असं मुळशीच्या धरणाकाठी कुणी म्हणणार नाही. तो जळला तो प्लास्टिकच्या सात गायींवर. आणि जळला तोही असा, की त्याची बायको गोजराबाई म्हणायची, "चूल पेटवायला काड्याची पेटी नको, ह्यांना नुसतं चुलीम्होरं बसवलं तरी भागंल."

गेणबाचं गाव पाण्याखाली गेलं तेव्हा तो गुरं वळण्याच्या वयाचा होता. त्याच्याच वयाचा हैबतराव, तेव्हाचा हैबत्या, रोज त्याच्याबरोबर असे. धरणाचं पाणी चढत आलं तशी माणसं डोंगराच्या अंगाला वर सरकली, तिथं त्यांनी घरं घातली आणि त्या वस्तीला नवं गाव म्हणायला सुरुवात केली. पुढं चाळीस वर्षं होत आली, घरांचे वासे दोनदा बदलून झाले, तरी ते नवंच राहिलं. गाव म्हटलं की माणसं अजून पाण्याकडे बोट करत.

दोघांची लग्नं होऊन पोरंबाळं झाल्यावर, एका पावसाळ्यात भाताची आवणी उरकून हात रिकामे झाले तेव्हा या दोघांनी गेणबाच्या पडवीत जुनं गाव करायला घेतलं. मातीचं नव्हे, कारण माती भेगाळते. लग्नातली बाशिंगं करणाऱ्याकडून पांढरं, हलकं भेंड आणायचं, ते धारदार विळ्यानं कापायचं, बांबूच्या कामट्यांचे वासे, बाभळीचा डिंक, भिंतींना गेरू आणि चुना. गेणबा खळ्यावर भात मोजून देणारा गावचा मापारी. मापाशिवाय त्याला खाणंही जमत नसे. त्यामुळे गावालाही माप ठरलं: एक हात म्हणजे भाताचा एक दाणा, टरफलासकट, लांबीत धरलेला. बारा हातांचं घर बारा दाण्यांचं. खळ्यावर पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायची रीत आहे, ती गेणबानं इथंही पाळली. "लाभ, दोन, तीन" करत त्यानं बापाचं घर मोजलं, आणि हैबतरावानं भैरवनाथाचं देऊळ.

देऊळ तयार झालं आणि जागेवर ठेवलं तेव्हा ते शेजारच्या घरांवर असं चढून बसलं, की पुजाऱ्याला घरी जायला शिडी लागली असती.

"हैबत्या, तुझी मोजणी चुकली," गेणबा म्हणाला.

"माझी? तुझी घरंच खुराडी झाल्यात. देव लहान करू का मग?"

"मापारी मी हाय का तू?"

"मापारी तू खळ्यावर. देवळात न्हाई."

एवढ्यावरून दोघांचं फाटलं. हैबतराव देऊळ डोक्यावर घेऊन घरी गेला आणि त्यानं देवळाभोवती स्वतःचं गाव उभं केलं. पाण्यात बुडालेलं गाव एक होतं, वर आली दोन.

महिन्याभरानं गेणबाला खरी गोष्ट उमगली. मोजणी दोघांचीही बरोबर होती. त्याचा दाणा होता आंबेमोहराचा, आखूड. हैबतरावानं आपल्या घरच्या कणगीतून जाड्या, लांबट भाताचा उचलला होता. ही गोष्ट गेणबानं कुणालाही सांगितली नाही. सांगितली असती तर समेट झाला असता, आणि समेट झाल्यावर देऊळ हैबतरावाच्या हातचंच ठेवावं लागलं असतं.

पुढची काही वर्षं दोन्ही गावं आपापल्या माळ्यावर सुखानं धूळ खात वाढली. मग पुण्याच्या एका साहेबानं कोळवणच्या खोऱ्यात बंगल्यासाठी जागा घेतली आणि ओळखपाळख म्हणून नव्या गावच्या देवळाला काचेचं एक कपाट भेट दिलं. कपाट मूळचं बंद पडलेल्या मिठाईच्या दुकानातलं होतं. दार उघडलं की पेढ्यांचा वास यायचा. देवळात काचेच्या कपाटात ठेवण्यासारखं काय आहे, याचा पंचांनी बराच विचार केला. शेवटी ठरलं की जुनं गाव ठेवायचं. कपाटात मावणार होतं एकच. चैत्रातल्या जत्रेला दोघांनी आपापलं गाव देवळाच्या ओट्यावर मांडावं, माणसं बघतील, पंच ठरवतील.

हा निरोप भिकू गुरवानं आणला त्या दिवसापासून गेणबाची झोप गेली. दोन्ही गावं माळ्यावर होती तोवर दोन्ही खरी होती. आता एक देवळात जाणार, म्हणजे दुसरं खोटं ठरणार. आपण जन्मलो ते गाव खोटं ठरणार असेल तर माणसानं जेवायचं तरी कशाला, असं त्यानं गोजराबाईला विचारलं. ती म्हणाली, "नगा जेवू. भाकर वाचंल."

जत्रेच्या दिवशी गेणबानं आपलं गाव ओट्यावर नेऊन ठेवलं. घरं, पाणंद, दीपमाळ, बापाच्या घरामागचा फणस. दाणा न दाणा बरोबर. पाहणारं मात्र कुणी नव्हतं. सगळी जत्रा दुसऱ्या टोकाला हैबतरावाच्या गावाभोवती लोटली होती. हैबतरावाचा थोरला, जयसिंग, मुंबईला गोदीत होता. त्यानं तिथून विलायती डबा आणला होता, आणि डब्यातून निघाल्या होत्या सात गायी. प्लास्टिकच्या. डोळे, शेपट्या, आचळं, सगळं जिथल्या तिथं. परदेशी गाईंना वशिंड नसतं, म्हणून हैबतरावानं प्रत्येकीच्या पाठीवर लाखेचा ठिपका देऊन त्यांना देशी करून घेतलं होतं.

"हिकडं बघ, हिकडं! रवंथ करतीय!" कुणी बाई ओरडत होती.

गेणबा गर्दीत घुसला. त्याला त्या गायी वाईट निघायला हव्या होत्या. त्या वाईट नव्हत्या. भेंडाची गाय किती कोरली तरी भेंडाचीच दिसते, तिचे पाय मोडतात, शिंगं म्हणजे दोन काटे. गेणबाच्या गावात एकही धड गाय उभी राहिली नव्हती. त्यानं गोठ्यांची दारं लावून घेतली होती, म्हणजे आत गायी आहेत असं समजावं. त्यानं हळूच बंडीच्या खिशातून आंबेमोहराचा दाणा काढला आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून गाईच्या खांद्याला लावला. लाभ, दोन, तीन. तीन हात. घरच्या गोठ्यातल्या त्याच्या खऱ्या गाईची उंची तेवढीच होती. समुद्रापलीकडच्या कुठल्या कारखान्यात कुणा गोऱ्यानं या गायी ओतल्या, आणि त्या उतरल्या नेमक्या गेणबा मापाऱ्याच्या मापात. फक्त त्या होत्या हैबतरावाच्या.

अशा वेळी गप्प बसणं शहाणपणाचं होतं. पण गेणबानं दाणा खिशात टाकला आणि तोंड उघडलं.

"हैबतराव," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कालवडी लई ग्वाड हायेत तुमच्या."

"गायी हायेत त्या."

"व्हय? मग दारातनं आत शिरल्या तर माणसं म्हणतील मांजर आलं. तुमच्या घराचा उंबराच गाईच्या पोटाला लागतुया."

माणसं वाकली, बघू लागली. खरंच होतं. हैबतरावाच्या जाड्या भाताच्या घरांपुढं त्या गायी शेळ्यांएवढ्या दिसत होत्या. कुणीतरी फिसकन हसलं. गेणबाला हुरूप आला आणि तिथंच त्याचं वाटोळं झालं.

"भाताच्या जातीची तरी पारख पायजे! आंबेमोहराच्या दाण्यावर गाव केलं असतं तर गाय फिट्ट बसली असती. तुमी केलंया जाड्या भातावर. जसं खायाचं तसंच मोजायचं, दुसरं काय!"

हशा पिकला. हैबतरावाचा चेहरा काळवंडला. त्यानं गायी एकेक करून डब्यात भरल्या. पंचांनी कपाटाचा निकाल पुढच्या चैत्रावर टाकला. गेणबानं घरी जाऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

जिंकल्याचा आनंद चार दिवस टिकला. पाचव्या दिवसापासून त्याला पुन्हा गायी दिसू लागल्या. पावसाळ्यात तो गोजराबाईला रेशनचं काम सांगून एस.टी.नं पुण्याला गेला आणि तुळशीबागेत खेळण्यांच्या दुकानात गाय मागितली. दुकानदारानं रबराची दिली. दाबली की शिट्टी वाजायची.

"ही किती दाण्यांची?" गेणबानं विचारलं.

"म्हणजे?"

गेणबानं खिशातून दाणे काढून काऊंटरवर लावायला सुरुवात केली. अकरा दाण्यांवर तो थांबला. या मापाची गाय गावात उभी केली असती तर तिनं भैरवनाथाचा कळस चाटला असता.

रिकाम्या हातानं परतायचं नाही म्हणून त्यानं तेलरंगाचा एक डबा घेतला, भाताची खाचरं रंगवायला. पूर्वी तो बेलाच्या पानांचा रस काढून रंग करी. तो महिन्याभरात पिवळा पडे, आणि गेणबाला ते आवडे, भात पिकल्यासारखं वाटे. पण आता जमाना डब्यांचा होता. डबा उघडला तेव्हा आतला हिरवा पोपटाच्या जातीचा निघाला. तरीही त्यानं तो लावला, कारण विकत घेतला होता. वाळल्यावर खाचरांतून जणू आत्ता मिठू बोलेल असं दिसू लागलं. गोजराबाई म्हणाली, "राखणीला माणूस नको आता, पाखरं आपणहून लाजून जातील."

हैबतरावाच्या माळ्याला मात्र वर्षभर कुलूप होतं. आत काय चाललंय ते कळेना. भिकू गुरव एवढंच सांगे की आंबेमोहर पेरणाऱ्यांच्या घरी हैबतराव दाणे मागायला फिरतोय, आणि मूठभर देऊ केले तर म्हणतोय, एकसारखे दहाच द्या.

हे ऐकलं आणि गेणबाला आपली चूक कळली. इतकी वर्षं जे कुणाला सांगितलं नाही, ते त्यानं भर जत्रेत सांगून टाकलं होतं.

पुढच्या चैत्रात हैबतरावानं ओट्यावर ठेवलं ते नवं जुनं गाव. सगळं मोडून आंबेमोहरावर पुन्हा उभं केलेलं. देऊळ आता घरांच्या शेजारी घरच्या माणसासारखं उभं होतं. आणि सातही गायी मापात बसल्या होत्या: दोन पाणवठ्यावर, तीन पाणंदीत, एक वडाखाली, एक दारात उभी राहून तोंड आत घातलेली. म्हाताऱ्या बायका ओट्याशी बसून राहिल्या. आपापलं घर दाखवून झालं की त्या पुन्हा पहिल्यापासून दाखवायला लागत. गेणबाच्या गावापाशी एक जण आला, खाचरांकडे बघून म्हणाला, "ह्ये शेवाळ का?" आणि गेला.

कपाट हैबतरावाला मिळालं. पंचांना बोलावंही लागलं नाही; माणसांनीच ते गाव उचलून आत नेलं.

गेणबा आठ दिवस देवळाकडे फिरकला नाही. नवव्या दिवशी भिकू गुरव दिसेना असं बघून गेला. त्याला चूक हवी होती. एक, बारकी, कसलीही. त्यानं काचेला नाक लावून देऊळ बघितलं, पाणंद बघितली, आणि मग आपलं घर. चूक सापडली. हैबतरावानं न्हाणी मागच्या अंगाला डावीकडे काढली होती. ती होती उजवीकडे. गेणबाच्या स्वतःच्या गावात ती उजवीकडेच होती, आणि आपलं घर आपल्याला ठाऊक नसेल तर कुणाला? कितीतरी महिन्यांनी त्याला मोकळा श्वास आला. तो तसाच हैबतरावाच्या दारात जाऊन उभा राहिला.

"हैबत्या, माझ्या घराची न्हाणी उलट्या अंगाला बांधलीस. काढ ते गाव कपाटातनं."

हैबतराव दावं वळत बसला होता. हात न थांबवता म्हणाला, "उजव्या अंगाला तुमचा फणस व्हता. फणसाच्या मुळीवर न्हाणी बांधतंय का कोण?"

गेणबाच्या गावात फणसही होता आणि न्हाणीही, एकाच जागी, एकमेकांपासून अंग चोरून. इतकी वर्षं त्याला ते खटकलं नव्हतं.

"तुला रं काय ठावं आमच्या न्हाणीचं?" तो म्हणाला.

"माझी आय गेल्यावर तुझी आय मला तितं न्हाऊ घालायची. दोन वर्सं. धोंड्यावर बसवायची, डावीकडं कुडाच्या भितीला भोक व्हतं, त्यातनं भैरवनाथाचा कळस दिसायचा. डोळ्यात शिकेकाई गेली की म्हणायची, कळसाकडं बघ, झोंबायचं न्हाई."

गेणबा उंबऱ्यावर टेकला.

"मला तर ती नदीवर हाकलायची," तो म्हणाला.

"तू तिचाच व्हतास की."

"म्हणून नदीवर?"

हैबतरावानं दाव्याला आणखी एक पीळ दिला.

गेणबा घरी आला, माळ्यावर चढला. विळ्याच्या टोकानं त्यानं उजवीकडची न्हाणी उचकटली आणि डावीकडे बसवली. कुडाच्या न्हाणीला दार कधीच नसतं. गेणबानं भेंडाचं एक दार कापलं, तिला लावलं आणि चारही कडांनी डिंक भरून ते पक्कं बंद करून टाकलं, म्हणजे हैबत्याला आत जाता येऊ नये.