राखेची रिंगणं

निजामी जाऊन पाच-सात वर्षं झाली असतील. लग्न होऊन मी तेरणाकाठी आले, तेव्हा सासरची टरबुजाची वाडी नदीच्या पात्रातच होती. उन्हाळ्यात पाणी एका कडेला आटून जाई आणि उघड्या पडलेल्या वाळूवर आम्ही सासू-सुना दिवसभर राबत असू. दुपारी झळा उठल्या की सारं पात्र हलायला लागे. त्यात पिवळ्या चोचीची, कात्रीसारख्या शेपटीची पांढरी पाखरं तरंगत राहत. माझे डोळे मिटत, तरी ती दिसतच. कामचुकार म्हणून बोलणी खाल्ली, पण ते दिवस सुखाचे होते.

ती पाखरं घरटं बांधत नाहीत. पोटानं वाळूत खळगा करायचा, ठिपक्यांची अंडी घालायची, झालं. वाळूत ती अंडी दिसतच नाहीत. कुणाचा पाय पडू नये म्हणून सासूबाई रोज सकाळी चुलीची राख आणून प्रत्येक खळग्याभोवती रिंगण घालत. त्यांच्या सासूचीही हीच रीत.

"बाळंतिणीच्या दारात रांगोळी नको व्हय?" सासूबाई म्हणत.

तरी पाखरं दर वर्षी कमीच होत गेली. आधी थवाच्या थवा उतरे, मग पाच-सहा जोड्या, मग तीन. सासूबाई राख वाढवत गेल्या.

एका सकाळी मी वेलांआड बसले होते. कावळा उतरला. इकडंतिकडं न बघता एका रिंगणात शिरला, अंडी फोडली, आणि ओळखीच्या घरी जावं तसा चालत दुसऱ्या रिंगणाकडं गेला. इतक्या वर्षांची सासूबाईंची माया, सांगायचं कसं? पण माझ्या पोटात काही राहत नाही.

"आत्याबाई, राख नका घालू. कावळ्याला आपुनच वाट दावतोय."

त्यांनी उरलेल्या एकाच रिंगणापाशी बसून तळहातानं राख वाळूत मिसळून टाकली.

"माझ्या ध्यानात कसं आलं न्हाय गं," एवढंच म्हणाल्या.

आठ दिवस कावळा तिकडं फिरकला नाही. नवव्या दिवशी डोक्यावर टरबुजाची पाटी घेऊन मी निघाले. वर झळांत ती दोन पाखरं एकमेकांभोवती फिरत होती. त्यांच्याकडं बघत, अर्धवट झोपेत असल्यासारखी चालले. पायाखाली काहीतरी फुटलं, ओलं, कोमट.

सासूबाई मागंच होत्या. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या खाली बसल्या आणि पदरानं माझा पाय पुसायला लागल्या. पुढच्या उन्हाळ्यात पात्रात नुसती वाळू होती.