रिकामे चौकोन

नारायण पेठेत टायपिंग करून देणाऱ्या त्या बाईंचं नाव मी कधी विचारलंच नाही. नववीची गणिताची प्रश्नपत्रिका मी मोबाइलवर कॉपी-पेस्ट करून जुळवली होती. त्यांच्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली, मी वरपासून खालपर्यंत नजर टाकली आणि म्हणालो, "ठीक आहे, प्रिंट काढा."

त्यांनी पडद्याला स्टीलची फूटपट्टी लावली आणि एकेक ओळ वाचायला सुरुवात केली.

"अहो, नुसती प्रिंट हवीय. परीक्षा उद्या आहे."

"उद्या आहे ना? मग बसा."

अर्ध्या पानावर पट्टी थांबली. "सर, यातले मुलांनी भरायचे चौकोन कुठले आणि तुम्ही भरायचे कुठले?"

'चौकटी पूर्ण करा' या प्रश्नात उत्तरांसाठी मी रिकामे चौकोन ठेवले होते. पेस्ट केलेली वर्गमुळाची चिन्हं त्यांच्या फॉन्टमध्ये नव्हती, त्यामुळे तीही तसेच रिकामे चौकोन होऊन बसली होती. मी ओशाळलो. त्यांनी प्रत्येक चिन्ह मला कागदावर काढायला लावलं आणि नव्याने घातलं.

"तुमचं गणित पक्कं दिसतंय."

"छे! दहावीला गणितातच नापास झाले. तुम्हाला काय असायला हवं ते माहीत असतं, म्हणून तेच दिसतं. मला जेवढं आहे तेवढंच दिसतं."

त्या आठवड्यात पेपर तपासताना मी पहिल्यांदाच ओळीखाली फूटपट्टी धरली. वर्गातल्या सर्वात हुशार मुलीचे गुण नेहमीपेक्षा चारने कमी झाले. शेवटच्या बाकावरच्या मुलाचे सातने वाढले.