आबांचा बिनसाखरेचा चहा

एका माणसाचं वाक्य मी मध्येच तोडलं होतं. चुकून नाही, मुद्दाम. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, घरातही नाही.

वाक्य होतं, "ते काय आहे ना साहेब..." बोलणारे आबा असोद्याला आपल्या घरी खाटेवर बसले होते. उजव्या पायाला जाड बँडेज. मी म्हणालो, "बस आबा, एवढंच विचारायचं होतं." पेनाला टोपण लावलं आणि उठलो.

मी सरकारी विमा कंपनीच्या जळगाव शाखेत क्लेम तपासत असे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मेडिक्लेम लोकांना नवीन होता. दवाखान्याचं बिल आधी पेशंटने भरायचं, मग कागद आमच्याकडे द्यायचे, आम्हाला पटलं तर पैसे परत. त्यातला कळीचा शब्द प्री-एक्झिस्टिंग. म्हणजे पॉलिसी घेण्याआधीपासून असलेला आजार. तसा निघाला तर क्लेम नाही. आणि माणसाने तो लपवलाय असं ठरलं, तर पॉलिसीच रद्द.

आबा वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले. नोकरीत होते तोवर दुखण्याखुपण्याचा विचार कधी करावा लागला नव्हता. गावी आल्यावर मात्र तीन वाटा उरल्या. सिव्हिल हॉस्पिटलची रांग, खाजगी दवाखाना आणि मुलाच्या खिशाला कात्री, नाहीतर मेडिक्लेम. गावातल्या आमच्या एजंटाबरोबर ते चौकशीला आले तेव्हा काउंटरवर मीच होतो. क्लेमचं टेबल मला नंतर मिळालं.

"म्हणजे आजारी पडलो नाही, तर भरलेलं गेलं?" त्यांनी विचारलं.

"गेलं."

"आणि पडलो तर?"

"तर आम्ही आहोत."

"तुमची तर बदली होईल. मग कोण आहे?"

काउंटरवरचे सगळे हसले. मी म्हणालो, "कंपनी सरकारी आहे, आबा. ती कुठे जात नाही. तुम्ही फक्त खरं सांगा." मग मी एकेक आजार विचारत गेलो आणि ते नाही म्हणत गेले. साखर? नाही. ते घरी गेले, मुलाशी बोलले आणि आठवड्याने येऊन त्यांनी पॉलिसी घेतली.

तीन वर्षं त्यांनी काही मागितलं नाही. मग केळीच्या बागेत पायाला जखम झाली, चिघळली, ऑपरेशन करावं लागलं. तेव्हा रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी लिहिलं, साखर नव्यानेच आढळली. मला तेच खटकलं. डॉक्टर पेशंटच्या सोयीचं लिहितात, हे आमच्या ऑफिसात सगळे धरूनच चालत. आमचे मॅनेजर म्हणायचे, "या वयात साखर नव्याने? म्हातारा काय काल जन्मला का? गावात जाऊन बघ."

गावात जाऊन बघायचं म्हणजे आधी घरी जायचं नाही. आधी एसटी स्टँडवरचं हॉटेल. तिथे आपण कोण हे सांगायचं नाही. मी केळीचा व्यापारी झालो. चहा मागवला, बाजारभावाच्या गोष्टी केल्या, मग सहज आबांचा विषय काढला.

हॉटेलवाला म्हणाला, "आबाले वेगळा चहा करना पडतो, भाऊ. बिनसाखरेचा."

"कधीपासून?"

"रिटायर झाले तवापासून."

माझा चहा अर्धाच राहिला. रिटायर झाल्यावर वर्षभराने पॉलिसी. म्हणजे साखर आधीपासूनची. व्यापाऱ्याने याहून जास्त खोदलं तर संशय येईल म्हणून मी पुढचं काही विचारलं नाही. दुसऱ्याला पकडताना आपण पकडले जाऊ नये, एवढीच काळजी.

तिथून आबांच्या घरी गेलो. त्यांनी लगेच ओळखलं, सुनेला चहा ठेवायला सांगितलं. भिंतीतल्या देवळीत लाखेने तोंड बंद केलेला तांब्याचा गडू होता. तो मी पाहिला. सगळं पाहायची सवयच होती.

"आबा, तुम्ही चहा बिनसाखरेचा घेता?"

"हो."

"रिटायर झाल्यापासून?"

"हो. ते काय आहे ना साहेब..."

पुढचं मी होऊ दिलं नाही. दोन 'हो' मिळाले होते. तिसऱ्या वाक्यात काहीतरी असणार, आणि ते ऐकलं तर मला पुन्हा चौकशी करावी लागणार, हे मला त्या क्षणी कळलं होतं. म्हणून उठलो. चहाही घेतला नाही.

क्लेम नामंजूर झाला. माहिती लपवली म्हणून पॉलिसी रद्द. पत्रात चहाचा उल्लेख नव्हता. पत्र मिळाल्यावर आबा मुलाच्या लुनावर ऑफिसात आले. आवाज चढवला नाही. मॅनेजरकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही म्हणाले खरं सांगा. आता गावात लोक म्हणतात, आबा खोटं बोलून विमा खायला निघाला. हे कोण निस्तरणार?"

मॅनेजर म्हणाले, "अपील करा." मी फाईल चाळत राहिलो.

अपील त्यांनी केलं नाही. दुसरी पॉलिसी घेण्यातही अर्थ नव्हता. आता त्यांची साखर सगळ्यांसाठी जुनीच ठरणार होती. पुढच्या वर्षी तोच पाय पुन्हा चिघळला. बिलाच्या धास्तीने ते घरीच मलम लावत राहिले. सिव्हिलला नेलं तेव्हा उशीर झाला होता. पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

नंतर माझी धुळ्याला बदली झाली. देवपुरात भाड्याने राहत होतो. आई काशी करून आली. पहिल्याच जेवणाला तिने वांग्याची भाजी बाजूला सारली. बायकोने विचारलं तर म्हणाली, "काशीला सोडलं. आवडीचं काहीतरी सोडून यावं लागतं." तिच्याजवळही गंगेचा तसाच गडू होता, लाखेने बंद केलेला.

मी जेवण तसंच टाकून बाहेर गेलो आणि एसटीडी बूथवरून असोद्याच्या एजंटाला फोन लावला. आबांनी काशीला काय सोडलं?

"साखर," तो म्हणाला. "रिटायर झाल्यावर गेले होते ना. चहा गोडच लागायचा त्यांना, म्हणून तीच सोडली. अख्ख्या गावाला माहीत आहे. का हो?"

"काही नाही," मी म्हणालो.

फाईल पुन्हा उघडता आली असती. पण मग चौकशी कुणी केली, कशी केली, हेही उघडलं असतं. माझं प्रमोशन जवळ आलं होतं. मी गप्प राहिलो. पुढे आबा वारल्याचंही त्या एजंटाकडूनच कळलं.

पॉलिसी घेणाऱ्या वडीलधाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. तपासणारा माणूस घरी आला की त्याला 'हो' म्हणून थांबू नका. तो उठला तरी 'हो' का, ते सांगून टाका. त्याला ऐकायचं नसतं.

आणि माझं म्हणाल तर, असोद्याच्या त्या हॉटेलात जाऊन, चार माणसांसमोर, स्वतःचं नाव आणि काम सांगून, आबा खोटं बोलले नव्हते एवढं मला म्हणायचं आहे. ते अजून बाकी आहे.